शांतलिंगअप्पांनी बांधलेली नदी

गफार मास्तरांना मराठी येत नाही, असं शिक्षण खात्याचं मत होतं. परंड्यात हे मत कुणालाच पटलं नसतं. मास्तर जन्मले परंड्यात, वाढले किल्ल्याच्या खंदकाकडेला, बाजारात वांग्यांवरून घासाघीस करत ती मराठीत, आणि ताप चढला की बरळत तेही मराठीतच. पण सव्वीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला तो उर्दूत. त्यातच पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, जिल्हा आधी मुंबई राज्यात आला आणि नंतर महाराष्ट्रात. या सगळ्या येण्याजाण्यात मास्तर खुर्चीवरून हलले नव्हते, तरी दर वेळी नव्याच राज्यात सापडत गेले. भूगोलाच्या मास्तराला हे जरा लाजिरवाणंच होतं. शेवटी खात्यानं कळवलं, की उर्दूतून आणि कानडीतून आलेल्या सर्व शिक्षकांनी मराठीची परीक्षा द्यावी.

पहिल्या वेळी मास्तर भिऊन गप्प बसले. दुसऱ्या वेळी भिऊन इतकं शुद्ध बोलले, की परीक्षकांना काही कळलं नाही. घरी येऊन काय बोललो ते आठवून पाहिलं, तर त्यांनाही कळलं नाही. दोन्ही वेळा नापास.

तिसरी वेळ शेवटची. यात गेलं तर हायस्कूलचा वर्ग काढून घेणार आणि सीना नदीच्या काठी, जिथं एसटी जात नाही अशा गावच्या एकशिक्षकी शाळेवर पाठवणार. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. मास्तर एकटे असते तर गेले असते. अलीकडं ते इतके थकले होते, की कुठलंही गाव म्हटलं तरी तिथं बाज टाकायला सावली असेल का, एवढंच त्यांच्या मनात यायचं. पण घरात खैरुनबी होती आणि खैरुनबी हे घर सोडायला तयार नव्हती.

कारण सादिक. सादिक तिचा धाकटा भाऊ. आई बाळंतपणातच गेली, म्हणून हिनंच त्याला कडेवर वाढवलेला. पोलीस ॲक्शननंतरच्या गडबडीत तो 'जरा बघून येतो' म्हणून मुंबईला गेला आणि तिथून बोटीनं कराचीला. पाच-सहा वर्षं पत्रं आली, मग थांबली. शेवटच्या पत्रात होतं, 'आपा, मी येतो.' कधी, ते लिहायचं राहिलं होतं.

"त्याला ह्योच पत्ता ठावं हाय," खैरुनबी म्हणायची. "तुमच्या त्या नदीकाठच्या गावाचं नाव तरी कुणी ऐकलंय का?"

"म्या तरी कुठं ऐकलंय?" मास्तर म्हणायचे.

"मग पास व्हा की."

या वेळची परीक्षा तोंडी होती. विषय छापून आला होता: 'नेमलेल्या अमेरिकन कादंबरीतील प्रतीके व त्यांचा आध्यात्मिक अर्थ यांवर वीस मिनिटे बोलावे.' खाली प्रतीकंही दिली होती. नदी, नाव, घंटा, दिवा. परंड्यातल्या माणसाला मराठी येतं की नाही हे अमेरिकेच्या नदीवरून कसं ठरवायचं, याचा खुलासा कागदावर नव्हता.

ही कादंबरी तिकडची फार जुनी आणि फार नावाजलेली. तिचं मराठी झालं आणि ज्या साली अमेरिकेतून शाळांना दुधाची पावडर आली, त्याच साली त्याच ट्रकमधून तीही आली. पावडर पोरांनी प्यायली आणि आठवडाभर वर्गात कुणी टिकेना. कादंबरी कुणी उघडलीच नाही, त्यामुळं तिचा कुणाला त्रास झाला नाही. मास्तरांनी पाच वर्षांनी कपाट उघडलं तेव्हा मात्र कळलं, की ती वाळवीनं मन लावून वाचली आहे. पुठ्ठा आणि पहिली चार पानं फस्त, खालची कड कुरतडलेली, आणि शिवण सुटून सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे हातात येत होते.

ते गाठोडं घेऊन मास्तर शांतलिंगअप्पांकडं गेले. अप्पांनी तीस वर्षं निजामाच्या तहसिलीची दफ्तरं शिवली होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घरात कानडी, बाजारात मराठी, आणि वाचता यायचे ते फक्त आकडे. दफ्तर शिवायला तेवढे पुरत.

"मास्तर, हे पुस्तक हाय का फराळ?"

"वाळवी लागली अप्पा. आठ दिसात द्या. मला परीक्षा हाय त्याच्यावर."

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमाला? या वयात?"

"खातं म्हणतंय, मला मराठी येत न्हाय."

"मग आत्ता कशात बोलायलाव?"

"ते खात्याला ठावं न्हाय."

अप्पांनी फर्मे चाळले. "खालचा काठ कापावा लागंल. पानांचे आकडे जातील सगळे."

"जाऊ द्या. मला काय आकडे वाचायचेत?"

घोळ झाला तो इथं. मास्तरांना तो कळायला दीड महिना लागला. आपण आत्ताच सांगून टाकू. गफार मास्तरांनी आजवर अप्पांकडं जे जे शिवायला आणलं, ते सगळं उजवीकडून उघडणारं. भूगोल, हजेरीपट, मशिदीतलं कुराण, सगळं. मास्तरांचं पुस्तक म्हणजे उजवीकडून सुरू होणारं, हे अप्पांना सांगावं लागत नव्हतं. फर्म्याची घडी डावीकडं होती, तिला इलाज नव्हता. पण आकडे कापण्याआधी त्यांनी ते नीट पाहून घेतले आणि पहिला फर्मा मास्तर जिकडून उघडतात त्या अंगाला, शेवटचा दुसऱ्या अंगाला, असा सगळा क्रम मास्तरांच्या सोयीनं लावला. ही अप्पांची माया होती. तिच्यावर त्यांनी हिरवं कापड चिकटवलं आणि खळ वाळेपर्यंत चार दिवस पुस्तक शिकंजात दाबून ठेवलं.

मास्तरांनी जन्माच्या सवयीनं पुस्तक उघडलं असतं, तर पहिलाच फर्मा हाताला लागला असता. पण आता मराठी व्हायचं म्हणून त्यांनी कटाक्षानं डावीकडून उघडलं.

घरात सरावासाठी त्यांनी नियमच केला होता, की परीक्षा होईस्तोवर दखनी उर्दूत बोलायचं नाही. खैरुनबीनं तो पाळला. राग आला की मोडायची, पण तेवढी सूट तिनं आधीच मागून घेतली होती. दुपारी शाळा सुटली, की मास्तर बाजेवर आडवे होऊन मोठ्यानं वाचत आणि ती सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत ऐके. चैत्र संपत आलेला. पत्रा तापून टणटण वाजायचा.

पहिल्याच पानावर एक म्हातारा नावाडी होता. मोठ्या नदीच्या काठी, वल्ही नसलेल्या नावेत एकटा बसलेला. बायको गेली, भाऊ गेला, काठावरची घंटा पुरात नदीच्या तळाशी गेली, आणि वर लोखंडी पूल झाला, तेव्हा नावेला कोण विचारतो. खिडकीतला दिवा कुणी लावत नव्हतं. म्हातारा पाण्याला कान लावून घंटा वाजते का ते ऐकत होता. सोळा पानं झाली आणि खाली आलं, 'समाप्त'.

"संपली?" खैरुनबीनं विचारलं.

मास्तरांनी पुस्तकाची जाडी पाहिली. "न्हाय. आजून लई हाय."

"मग समाप्त कशाला म्हणला त्यो?"

दोनदा नापास झालेला माणूस पुस्तकावर शंका घेत नाही, स्वतःवर घेतो. मास्तरांनी बराच विचार केला. "तिकडं आधी म्हणत असतील." मग वहीत लिहिलं: जिथं माणसाला समाप्ती वाटते, तिथून त्याची गोष्ट सुरू होते. लिहिल्यावर त्यांना ते बरंच आध्यात्मिक वाटलं. सतराव्या पानावरचं वाक्य मधूनच सुरू होत होतं, 'आणि म्हणून त्या वर्षी मका स्वस्त झाला.' तेही त्यांनी वहीत घेतलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

पुढचं मात्र चढत गेलं. पुलाचं नुसतं बोलणं उरलं. घंटा पुन्हा काठावरच्या खांबाला दिसली. रुसून गेलेली बायको एका सकाळी चुलीपुढं होती आणि भाकरी भाजत होती, जशी कधी गेलीच नव्हती. मग पुराचं प्रकरण आलं. नावाड्याचा धाकटा भाऊ हातातल्या दोरासकट पाण्यात गेला. खैरुनबीचा सुपातला हात थांबला. मास्तरांनी फर्मा तिथंच संपवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. उद्या."

दुसऱ्या दिवशी तिनं सूप घेतलंच नाही. नुसती बसली. मास्तरांनी पान उलटलं आणि तिथं धाकटा भाऊ ताटावर बसून मक्याची भाकरी खात होता. वहिनीची थट्टा करत होता.

"आला?"

"आला."

"कसा आला?"

मास्तरांनी मागची ओळ पाहिली, पुढची पाहिली. "ते लिव्हलं न्हाय."

खैरुनबी जरा पुढं सरकली. "बरं केलं. आलेल्याला कसा आलास इचारू न्हाय. आधी वाढावं." मग म्हणाली, "तेवढं परत वाचा."

ते पान मास्तरांनी त्या दुपारी तीनदा वाचलं. नंतरही रोज पुढचं सुरू करण्याआधी तिला ते एकदा लागायचंच. भावाचं इंग्रजी नाव तिच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून ती त्याला 'धाकटा' म्हणे. धाकट्यानं आज काय खाल्लं, एवढं मास्तरांना सांगावं लागे.

शेवटच्या फर्म्यात नावाडी अगदी तरुण झाला होता. रिकाम्या हातांनी नदीकाठी उभा होता आणि आता इथं काय करावं, असा पाण्याकडं बघत होता. पुस्तक तिथं थांबलं. मास्तरांनी अर्थ लावला, की गेलेलं सगळं मिळाल्यावर माणूस असा हलका होतो. शाळेच्या वाटेत अप्पांचं दुकान लागलं, तेव्हा त्यांना सांगितलं.

अप्पा खळ ढवळत होते. "आमच्या शरण संतांनी त्याला शून्य म्हटलंय. सगळं भरलं की शून्य. तुमच्यात?"

"फना म्हणतात. फकीर लोक. म्हंजी विरून जाणं."

"आन् अमेरिकेत?"

"ते परीक्षेत कळंल."

परीक्षा उस्मानाबादला होती. मास्तर पहाटेच्या गाडीनं बार्शीला गेले, तिथून दुसरी गाडी, आणि दहाच्या सुमाराला कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर येऊन बसले तेव्हा त्यांचे गुडघे अजून एसटीतच होते. शेजारी सिद्धम्माबाई बसल्या होत्या, तामलवाडीच्या शाळेच्या. त्या कानडीतून आलेल्या. त्यांचीही ही तिसरी वेळ. मांडीवर त्यांचं पुस्तक होतं, खाकी कागद घातलेलं. वाळवी तामलवाडीला गेली नव्हती.

"झाली का तयारी मास्तर?"

"झाली म्हणायची. तुमचं जरा बघू का?"

मास्तरांनी सहज उघडलं. सुरुवातीच्याच पानांत तरुण माणूस रिकाम्या हातांनी नदीकाठी उभा होता. त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथं म्हातारा पाण्याला कान लावून बसला होता आणि खाली 'समाप्त'. मग त्यांनी आपलं हिरवं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं आणि एक फर्मा इकडचा, एक तिकडचा, असं बोटानं लावत गेले. बाई वाकून बघत होत्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं उलटं बांधलंय की."

मास्तरांनी दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाले, "धाकटा भाऊ?"

"बुडतो की. पुरात."

"त्याच्या पुढं?"

"पुढं काय? बायको सोडून जाते, घंटा पडते. बुडलेलं माणूस कुठं परत येतंय मास्तर." मग त्यांच्या तोंडाकडं बघून बाईंना दया आली. "भिऊ नका. अर्धा तास हाय. तुमी जे बोलणार हुता, त्याच्या नेमकं उलटं बोला. घंटा म्हंजी हरवलेली श्रद्धा. रिकामी नाव म्हंजी एकटेपणा. नदी म्हंजी काळ, तो सगळं नेतो. खात्याच्या कागदात असंच हाय, आमच्या हेडमास्तरांनी बघितलंय."

मास्तर मनात उलटं करायला लागले. दिवा विझवला. पूल बांधला. बायकोला चुलीपुढून उठवून गाडीत बसवलं. हे सगळं जमलं. मग धाकट्याच्या पुढ्यातली भाकरी काढून त्याला दोरासकट पुराकडं न्यायचा होता, आणि तिथं मास्तर थकले. असे थकले, की बाकावरून उठून एसटी स्टँडवर जावं आणि पहिली मिळेल ती गाडी धरावी असं वाटलं. सीनेच्या काठी तर सीनेच्या काठी. पण तिथला पत्ता सादिकला माहीत नव्हता. खैरुनबीला या घरात ठेवायची, तर धाकट्याला बुडवायला हवा होता. एवढा सोपा हिशेब होता आणि तो होत नव्हता.

शिपायानं नाव पुकारलं.

साहेब काळी टोपी घालून बसले होते. सकाळपासून नऊ जणांची नदी त्यांनी ऐकली होती आणि पुढ्यात खात्यानं दिलेला उत्तरांचा कागद होता, त्यावर बरोबरच्या खुणा करून पेन्सिलीचं टोक बोथट झालं होतं. डोळे अर्धे मिटलेले. मास्तरांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

"बोला. नावेपासून."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि म्हणायचं ठरवलं, रिकामी नाव हे एकटेपणाचं प्रतीक आहे. पण आवाज निघाला तो असा: "साहेब, एक म्हातारा असतोय. त्याचं सगळं गेल्यालं असतंय."

आणि मग ते सांगतच गेले. शुद्ध बोलायचं राहूनच गेलं. परंड्याच्या बाजारात सांगावं तसं सांगत गेले. घंटा वर कशी आली, बायको कशी आली, ती आल्यावर तिला कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी एकदा कागद पाहिला, एकदा मास्तर पाहिले, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"भाऊ बुडतो ना पण?"

"बुडतो साहेब."

"मग?"

"मग येतो."

"कोणत्या पानावर?"

"आकडे गेले साहेब पानांचे. वाळवी लागली हुती."

साहेबांनी पंख्याकडं पाहिलं. "बरं. आला. काय करतो येऊन?"

"जेवतो. मक्याची भाकरी. वहिनीला म्हणतो, करपली. ती म्हणते, करपली तर तुझ्याच नावेचं लाकूड वलं हुतं." हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, ते खैरुनबीचं होतं, पण मास्तरांना आता कुठलं कुणाचं ते आठवेना. शिपाई चहा घेऊन आला होता, तो कप हातात धरून दारातच उभा राहिला.

"आणि नदी कशाचं प्रतीक?"

मास्तरांना बाईंचं वाक्य आठवलं. काळ, तो सगळं नेतो. "नदी म्हंजी नदीच साहेब," ते म्हणाले. "आपलं कुणी पल्याड असलं, की ती रुंद दिसती. एवढंच."

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. साहेबांनी विचारलं, "पुस्तक वाचलंय का तुम्ही?"

"दोनदा साहेब. धाकटा येतो ते पान जास्त."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. मग चहा मागितला, तो गार झाला होता.

मास्तर घरी आले आणि खैरुनबीला म्हणाले, "झालं." ती म्हणाली, "जेवा." उलट्या बांधणीचं त्यांनी तिला सांगितलं नाही. अप्पांना मात्र सांगितलं, न रागावता. अप्पांनी दोन्ही कान धरले आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही, असं ते नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लखोटा आला. अप्पा नेमके त्याच दिवशी सुई, दोरा आणि खळीचं भांडं घेऊन मास्तरांच्या ओसरीवर हजर झाले होते. मास्तरांनी लखोटा फोडला, चष्मा लावला आणि शेरा वाचला.

'उमेदवाराने कादंबरी वाचलेली दिसत नाही. मराठी चांगले आहे. उत्तीर्ण.'

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांनी जी जी पुस्तकं वाचली, त्यांतल्या कुठल्याही पुस्तकानं त्यांना एवढं थकवलं नव्हतं. ते बाजेवर बसले.

"पास?" अप्पांनी विचारलं.

"पास."

"मग आना ते पुस्तक. उसवून सरळ करून देतो. माझ्या हातचं उलटं काम शाळेत नको."

मास्तरांनी आत पाहिलं. खैरुनबी चुलीपाशी होती, पाठमोरी. "ऱ्हाऊ द्या अप्पा."

"आवो, पण उद्या कुणी वाचलं तर?"

"कोण वाचतंय?"

अप्पांना हे पटलं, पण रिकाम्या हातानं परत जाणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "मग निदान पानांचे आकडे तरी घालतो. मीच कापलेत." आणि ते ओसरीवर मांडी घालून बसले आणि हिरवं पुस्तक मराठी बाजूनं उघडून म्हाताऱ्या नावाड्याच्या पानापासून एक, दोन, तीन असे आकडे घालत निघाले. अक्षर तहसिलीतलं, गोल आणि ठसठशीत.

खैरुनबी पाणी घेऊन बाहेर आली. तांब्या अप्पांपुढं ठेवला. "काय म्हणलं खातं?"

"हितंच ऱ्हायचंय. घर सोडायचं न्हाय."

तिनं मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. मग म्हणाली, "धाकट्याचं काय सांगितलं सायबाला?"

"सांगितलं, बुडतो. मग येतो."

"आन् सायेब?"

"सायबानं पास केलं."

खैरुनबीनं पदरानं हात पुसले. "मग बरोबरच आसंल," ती म्हणाली आणि भाकरी करपायला नको म्हणून आत गेली. अप्पा अठ्ठेचाळीसपर्यंत पोचले होते.